न्हाणीघराचे जलनिःसारण व वायुनळ

न्हाणी, टब, शॉवर, हात धुण्याचे पात्र इत्यादींमधील वापरलेले पाणी घराबाहेर नेणाऱ्या नळांच्या व्यवस्थेस न्हाणीघराचे जलनिःसारण म्हणतात. या व्यवस्थेचे तीन मुख्य घटक असतात : पाणी वाहून नेणारा निःसारण नळ, गटारातील वायूला घरात येण्यापासून अडविणारा पाण्याचा सापळा आणि नळातील हवेचा दाब बाहेरील हवेइतका राखणारा वायुनळ. पहिले दोन घटक डोळ्यांना दिसतात किंवा त्यांचे काम सहज लक्षात येते. वायुनळातून मात्र कधीच पाणी वाहत नसल्यामुळे तो निरुपयोगी वाटतो आणि न्हाणीघराची दुरुस्ती करताना, विशेषतः जुनी न्हाणी किंवा टब काढून त्या जागी नवी सोय करताना, पुष्कळदा गाळला जातो. सापळ्यातील पाणी टिकणे वायुनळावर आणि घरातील हवेची शुद्धता सापळ्यातील पाण्यावर अवलंबून असल्यामुळे या दुर्लक्षाचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

मोरीपासून नळापर्यंत : मोहेंजोदडो येथील घरांत पक्क्या विटांचे स्नानाचे ओटे आणि त्यांचे पाणी रस्त्यावरील झाकलेल्या गटारांत नेणाऱ्या नाल्या आढळल्या आहेत. महाराष्ट्रातील जुन्या घरांची न्हाणी मात्र बहुधा परसाच्या बाजूस असे. दगडी फरशी, तिच्याभोवती बुटका कठडा, शेजारी पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आणि भिंतीच्या पायथ्याशी मोरीचे भोक एवढीच तिची रचना असे. भोकातून बाहेर पडलेले पाणी उघड्या चरातून केळी, अळू किंवा फुलझाडांच्या आळ्यांत जाई. या रचनेत सापळा नसे व वायुनळही नसे आणि त्यांची गरजही नसे. कारण पाणी घराबाहेर पडताच उघड्या हवेत येई व बंद नळात साठलेला वायू घरात शिरण्याचा प्रश्न उद्भवत नसे. डास व ओल हे तिचे दोष होते, पण हवेचा दाब मोकळा राखण्याचे काम तो उघडा चरच करीत असे.

मोठ्या शहरांत ही स्थिती आधी बदलली. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी आले. घरात येणारे पाणी वाढले की, बाहेर जाणारे पाणीही तितकेच वाढते. चाळींतील खोल्यांच्या कोपऱ्यांत असलेल्या मोऱ्यांचे पाणी भिंतीबाहेरील उभ्या नळांनी दोन इमारतींमधील अरुंद गल्लीत उतरविले जाई. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर अशा गल्ल्या व गटारे यांच्या स्वच्छतेकडे शासनाचे विशेष लक्ष गेले आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली.

लहान गावांत हाच बदल पुष्कळ नंतर झाला. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मुंबई–आग्रा महामार्गावरील हे गाव कांदा, द्राक्षे व टोमॅटो यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारपेठेच्या गावांत परसातील न्हाणीची जागा शयनगृहाला जोडलेल्या न्हाणीघराने, मातीच्या भिंतीची जागा सिमेंट काँक्रीटने आणि उघड्या चराची जागा फरशीखाली गाडलेल्या नळाने घेतली. वरच्या मजल्यावर न्हाणीघर आले, काही घरांत टब आले आणि पुढे टबाच्या जागी शॉवरही आले. या प्रत्येक बदलात उघड्या चराने आपोआप होणारे काम नाहीसे झाले. ते वायुनळाकडे सोपविणे हाच अशा नळकामातील कळीचा मुद्दा होय.

सापळा व जलबंध : इंग्रजी एस किंवा पी अक्षराच्या आकाराच्या वाकविलेल्या नळात नेहमी थोडे पाणी शिल्लक राहते. त्या पाण्याच्या पडद्यामुळे गटाराकडील वायू घरात येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतलेल्या शौचकूपाच्या एकस्वात असा वाकविलेला नळ होता. सापळ्यातून पाणी सांडू लागते ती वरची पातळी आणि वाकणाच्या आतील कडेची खालची पातळी यांतील उभ्या अंतरास जलबंधाची खोली म्हणतात. ती सामान्यतः किमान ५० मिमी. ठेवतात, काही व्यवस्थांत ७५ मिमी. खोलीचे सापळे वापरतात.

भारतातील न्हाणीघरांत फरशीत बसविलेल्या सापळ्यास ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मराठीतील ‘न्हाणी’ या शब्दाशी नाते असलेले हे नाव बांधकामाच्या दरपत्रकांत मराठी प्रदेशाबाहेरही रूढ आहे. याचा एक जुना प्रकार घंटेच्या आकाराचा असतो. त्यात जाळीला जोडलेली घंटा पाण्यात बुडून जलबंध तयार होतो. हा जलबंध उथळ असतो आणि केस काढण्यासाठी जाळी उचलली की तो तत्काळ नष्ट होतो. अनेक घरांत घंटा काढून टाकून नुसती जाळी ठेवलेली असते. तेथे सापळा केवळ नावापुरता उरतो. म्हणून नव्या कामात खोल जलबंधाचा, एकाच अखंड भागाचा सापळा बसविणे श्रेयस्कर ठरते. ज्याला बाजूंनी जास्त तोंडे आहेत अशा सापळ्यात हात धुण्याच्या पात्राचे पाणीही सोडता येते. त्यामुळे न्हाणीचा वापर नसला, तरी जलबंध रोज नव्याने भरला जातो.

गटारातील वायू : कार्बनी पदार्थ प्राणवायूविना कुजताना मिथेन, कार्बन डाय-ऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड इ. वायू निर्माण होतात. मिथेन ज्वलनशील असून हवेतील त्याचे प्रमाण सु. ५ ते १५ टक्के झाल्यास स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइडास कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो. तथापि हवेच्या दशलक्ष भागांत सु. १०० भाग एवढे प्रमाण झाल्यास घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास न येणे हेच धोक्याचे लक्षण ठरते. मलकुंडात उतरणाऱ्या कामगारांचे मृत्यू प्रामुख्याने अशा वायूंमुळे व प्राणवायूच्या अभावामुळे होतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला त्यात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. न्हाणीघरात या वायूंचे प्रमाण सामान्यतः फार कमी असते, परंतु सततची दुर्गंधी, झुरळे व डास हे तुटलेल्या जलबंधाचे नेहमीचे परिणाम होत.

एकोणिसाव्या शतकात गटाराच्या वायूमुळेच विषमज्वर, पटकी इ. रोग होतात, अशी समजूत होती. १८७१ मध्ये ब्रिटनच्या युवराजास विषमज्वर झाल्यावर घरातील निःसारण नळांची तेथे मोठी चर्चा झाली. सूक्ष्मजंतुशास्त्राने हे रोग दूषित पाणी व अन्न यांमुळे पसरतात असे दाखवून दिले आणि ती समजूत मागे पडली. मात्र निःसारण नळांतून रोग मुळीच पसरत नाही, असेही म्हणता येत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरांच्या फरशीतील सापळे कोरडे पडलेले होते आणि हवा बाहेर टाकणारे पंखे सुरू केल्यावर मलनळातील दूषित सूक्ष्म थेंब त्या वाटेने घरात ओढले गेले, असे तेथील तपासात आढळले. फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेण्याच्या सवयीमुळे सापळ्यांत पाणी पडत नव्हते.

जलबंध नष्ट होण्याची कारणे : (१) स्वतःच्या प्रवाहाचे शोषण : एखाद्या पात्रातील पाणी नळ पूर्ण भरून वाहू लागले की, तो पाण्याचा स्तंभ वक्रनलिकेप्रमाणे सापळ्यातील पाणीही ओढून नेतो. गोल तळाच्या पात्रांत हा दोष ठळकपणे दिसतो. टबाचा तळ सपाट असल्यामुळे शेवटचे पाणी संथपणे ओघळते व सापळा पुन्हा भरतो. एस आकाराच्या सापळ्यापुढे नळ लगेच सरळ खाली जात असल्यामुळे त्यात असे शोषण अधिक होते.

(२) उभ्या नळातील शोषण : उभ्या नळातून पडणारे पाणी नळाच्या भिंतीला चिकटून कड्यासारखे खाली येते व मध्ये हवेचा गाभा राहतो. हे पाणी एक-दोन मजल्यांच्या अंतरातच सु. ३ ते ५ मी. प्रती सेकंद असा स्थिर वेग गाठते आणि आपल्याबरोबर हवाही खाली ओढते. ही हवा वरून भरून निघाली नाही, तर नळातील दाब कमी होतो आणि शेजारच्या सापळ्यांतील पाणी खेचले जाते.

(३) प्रतिदाब : उभ्या नळाच्या तळाशी पाणी आडव्या नळात वळताना त्याचा वेग एकदम कमी होतो आणि हवा कोंडली जाऊन दाब वाढतो. तळमजल्याच्या सापळ्यांतून अशा वेळी बुडबुडे येतात. म्हणूनच तळमजल्याची न्हाणी उभ्या नळाच्या पायथ्याशी न जोडता स्वतंत्रपणे बाहेर काढणे इष्ट असते.

(४) बाष्पीभवन : ब्रिटनसारख्या थंड हवामानात जलबंध आठवड्याला सु. २.५ मिमी. उतरतो असे धरतात. नाशिक जिल्ह्यातील कोरड्या उन्हाळ्यात तो याहून लवकर उतरतो. बंद ठेवलेल्या घरात किंवा पाहुण्यांसाठी राखलेल्या न्हाणीघरात ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

५० मिमी. जलबंध मोडण्यास सु. ५०० पास्काल एवढा दाबातील फरक पुरतो. हा वातावरणीय दाबाच्या सु. दोनशेव्या भागाइतकाच आहे. म्हणून नळातील दाबाचा चढउतार अमेरिकेत २५ मिमी. पाण्याच्या उंचीइतक्या आणि ब्रिटनमध्ये ३८ मिमी. उंचीइतक्या मर्यादेत राहील, अशा रीतीने अभिकल्प करतात.

वायुनळ : सापळ्याच्या पुढे, निःसारण नळाच्या वरच्या अंगातून काढून छताच्या वर उघड्या हवेत नेलेल्या नळास वायुनळ म्हणतात. नळात शोषण होऊ लागले की त्यातून हवा आत येते, दाब वाढू लागला की हवा बाहेर जाते आणि साठलेले वायूही वस्तीच्या वर सोडले जातात. तो सामान्यतः निःसारण नळाच्या निम्म्याहून कमी व्यासाचा नसावा.

सापळा व वायुनळ यांतील अंतराचा नियम सोपा आहे. सापळ्याची सांडपातळी आणि वायुनळाची जोडणी यांदरम्यान नळाचा एकूण उतार नळाच्या व्यासापेक्षा जास्त नसावा. अन्यथा वायुनळाचे तोंड सांडपातळीच्या खाली जाते, त्याला पाण्याचे झाकण बसते आणि मधला नळ वक्रनलिकेसारखा वागतो. ५० ला १ या उतारावर ४० मिमी. व्यासाच्या नळासाठी ही मर्यादा २ मी. व ५० मिमी. व्यासासाठी २.५ मी. येते. अमेरिकेतील निरनिराळ्या नियमसंहिता ती अनुक्रमे सु. १ ते १.८ मी. व सु. १.५ ते २.४ मी. एवढीच ठेवतात. पाणी लवकर जावे म्हणून नळाला फार उतार देण्याची कारागिरांची सवय या दृष्टीने अपायकारक ठरते.

वायुनळ आडवा वळवावयाचा असल्यास तो पात्राच्या काठाच्या वर सु. १५० मिमी. गेल्यावरच वळवितात. त्यामुळे निःसारण नळ तुंबला, तरी सांडपाणी वायुनळात शिरून तेथे गाळ साचत नाही. आडव्या भागाला निःसारण नळाकडे थोडा उतार असावा लागतो. गच्चीवर माणसांचा वावर असेल, तर वायुनळाचे तोंड डोक्याच्या वर, सु. २ मी. उंचीवर व खिडक्यांपासून दूर ठेवतात आणि त्यावर डासांसाठी जाळी बसवितात. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्यूलेक्स डास मलकुंडात वाढत असल्यामुळे ही जाळी गौण समजू नये.

१९७० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये फक्त हवा आत घेणारी झडप प्रचारात आली. शोषण होताच ती उघडते व एरव्ही बंद राहते. छतापर्यंत नळ नेणे अवघड असेल तेथे ती उपयोगी पडते. परंतु ती वाढलेला दाब मोकळा करू शकत नाही. त्यामुळे संपूर्ण घरात निदान एक वायुनळ उघड्या हवेत नेलेला असणे आवश्यक असते.

नळव्यवस्थेचे प्रकार : द्विनळ पद्धतीत शौचकूपाचा मलनळ व न्हाणीच्या सांडपाण्याचा नळ वेगवेगळे असतात. सांडपाण्याचा नळ अंगणातील गली ट्रॅपवर सोडतात आणि तेथून पाणी तपासणी कुंडात जाते. तेथे तो उघड्या हवेत तुटत असल्यामुळे मुख्य गटारातील वायू न्हाणीपर्यंत येत नाही. एकनळ पद्धतीत दोन्ही प्रकारचे पाणी एकाच उभ्या नळात सोडतात, मात्र वायुनळ स्वतंत्र असतो. एकस्तंभ पद्धतीत उभा नळच छताच्या वर उघडा ठेवून वायुनळाचे काम करतो. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या प्रयोगांतून ती विकसित झाली. तीत आडव्या नळांची लांबी, व्यास व उतार यांची बंधने काटेकोर पाळावी लागतात. राष्ट्रीय इमारत संहितेत (पहिली आवृत्ती १९७०, सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६) या पद्धतींविषयीचे नियम दिलेले आहेत.

द्विनळ पद्धतीचे जुने न्हाणीघर नव्याने बांधताना जवळ आहे म्हणून टबाचा नळ थेट मलनळास जोडला, तर पद्धतच बदलते. पूर्वी गली ट्रॅपजवळ मिळणारे संरक्षण जाते आणि त्या टबाचा एकटा सापळा मुख्य गटार व घर यांमध्ये उभा राहतो. अशा जोडणीला वायुनळ अपरिहार्य असतो.

टब बदलताना : टब काढून शॉवर बसविणे वरवर सोपे वाटते, परंतु दोहोंचे जलनिःसारण सारखे नसते. टबात १५० ते २०० लि. पाणी साठू शकते. त्याचा नळ अरुंद असला, तर टब रिकामा होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. शॉवरखाली पाणी साठविण्यास जागा नसते. नळ अरुंद असला वा केसांनी अर्धा तुंबला, तर पाणी उंबऱ्यावरून खोलीत येते. म्हणून अमेरिकेतील अनेक संहितांत टबासाठी ४० मिमी., तर शॉवरसाठी ५० मिमी. नळ सांगितला आहे. उलट शॉवरच्या जागी टब बसविल्यास एका वेळी सुटणारे पाणी वाढते. पुढचा उभा नळ व मलकुंड त्यास पुरे आहेत की नाहीत, हे पाहावे लागते.

टबाच्या पाण्याचे तोंड एका टोकास, तर शॉवरचे पुष्कळदा मध्यभागी असते. तोंड सरकले की, सापळा सरकतो आणि सापळ्यापासून वायुनळापर्यंतचे अंतर वाढते. फरशी बसविण्यापूर्वी हे अंतर मोजून वर सांगितलेल्या मर्यादेशी ताडून पाहणे आवश्यक असते. अंतर जास्त झाल्यास नळाचा व्यास वाढवितात किंवा वायुनळ नव्या सापळ्याजवळ आणतात. शेजारच्या हात धुण्याच्या पात्राचा ५० मिमी. व्यासाचा नळ वर वायुनळास जोडलेला असेल, तर त्यातूनच टबाला हवा पुरविता येते. मात्र या नळात शौचकूपाचे पाणी सोडलेले नसावे.

एकाच वाटेवर एकापुढे एक दोन सापळे बसवू नयेत; मधली हवा कोंडून पाणी अडते. टबाचे पाणी खालच्या फरशी-सापळ्यावर उघडे सोडले असेल, तर टबाला वेगळा सापळा लागत नाही. पण त्या सापळ्यापर्यंत हात पोहोचेल असे झाकण टबाच्या बाजूस ठेवावे लागते. वरच्या मजल्यावर खोलगट स्लॅबमध्ये नळ टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. कोब्याखाली गेलेली चूक फरशी फोडल्याखेरीज दुरुस्त होत नाही, म्हणून जलरोधनापूर्वीच नळांची चाचणी घेतात.

वायुनळ नष्ट होण्याची एक वाट गच्चीवर असते. गळती थांबविण्यासाठी गच्चीचे काम चालू असताना भिंतीलगतचा ‘रिकामा’ नळ कापून त्याचे तोंड सिमेंटने बंद केले जाते. काही आठवड्यांनी खालच्या न्हाणीघरात दुर्गंधी येऊ लागते आणि तिचा दोष नव्या टबाला किंवा सापळ्याला दिला जातो.

जमीन व मलकुंड : निफाड परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात थेट गाडलेल्या चिनी मातीच्या नळांचे सिमेंटचे ताठर सांधे या हालचालीने तुटतात. नळाखाली व भोवती वाळूचा थर देणे आणि रबरी कड्यांचे लवचिक सांधे वापरणे हा त्यावरील उपाय होय. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, त्यामुळे शोषखड्डा लवकर तुंबतो. शोषखड्डा व मलकुंड तुंबले की, आडवा नळ पाण्याने भरून राहतो, त्यातील हवेची वाट बंद होते आणि उत्तम सापळेही बुडबुडू लागतात. न्हाणीतील असे बुडबुडे म्हणजे बाहेरील कुंडाची पूर्वसूचना समजावी.

भारतीय मानकांनुसार मलकुंडास किमान ५० मिमी. व्यासाचा स्वतंत्र वायुनळ असावा लागतो. कुंड घरापासून १५ मी.हून दूर असल्यास त्याची उंची सु. २ मी. पुरते, त्याहून जवळ असल्यास तो इमारतीच्या माथ्यावर २ मी. न्यावा लागतो.

चाचणी व निगा : नव्या कामात नळाचे खालचे तोंड बंद करून, वर पाणी भरून पातळी उतरते का ते पाहतात. वापरात असलेल्या व्यवस्थेत धूर सोडून गळक्या जागा शोधता येतात. वायुनळाची परीक्षा घरातही करता येते. टब भरून एकदम सोडावा, त्याच वेळी वरच्या मजल्यावरील शौचकूपाची टाकी सोडावी आणि नंतर प्रत्येक फरशी-सापळ्यातील जलबंध पट्टीने मोजावा. तीन वेळा असे करूनही किमान २५ मिमी. जलबंध शिल्लक राहिला, तर व्यवस्था समाधानकारक मानण्यास हरकत नाही. पाणी जाताना घोट घेतल्यासारखा आवाज येणे, हे हवा वायुनळाऐवजी सापळ्यातून ओढली जात असल्याचे लक्षण होय.

वापरात नसलेल्या न्हाणीत दर आठवड्यास तांब्याभर पाणी ओतावे. घर दीर्घकाळ बंद ठेवावयाचे असल्यास सापळ्यात पाण्यावर थोडे खाद्यतेल सोडल्याने बाष्पीभवन मंदावते. टब किंवा फरशी बदलण्याच्या अंदाजपत्रकात दिसणाऱ्या वस्तूंवरच बहुतेक खर्च होतो. वायुनळास लागणारा नळ व श्रम यांचा त्यातील वाटा अल्प असतो. फरशी उघडी असताना तो बसविणे सुकर असते, ती बसल्यानंतर त्यासाठी सर्व काम पुन्हा फोडावे लागते.